मदत हवी आहे: अनंताची पानं पिवळी, कळ्या गळतात

झुळूक_०७
दोन वर्षांपूर्वी माहेरून अनंत आणला. पानं पिवळी पडतायत. कळ्या वाटाण्याएवढ्या होतात आणि काळ्या पडून गळतात. पाणी, खत सगळं वेळेवर. नर्सरीवाल्याने दिलेलं औषध दोनदा मारलं, फरक शून्य. आईकडे या झाडाकडे कुणी ढुंकून बघत नाही, तरी टोपलीभर फुलं! लवकर सांगा, झाड जाईल हातचं.

पानगळ
गाव कोणतं? कुंडी की जमीन? ऊन किती? पाणी नळाचं की बोअरचं? कसलं औषध मारलंत?

आजोबांची_बाग
एप्सम सॉल्ट. लिटरला एक चमचा. पंधरा दिवसांत हिरवंगार. गुलाबांना दहा वर्षं देतोय.

पानगळ
आजोबा, आधी पिवळी पानं कुठली ते तर कळू दे. खालची जुनी असतील तर तुमचं एप्सममधलं मॅग्नेशियम ठीक. शेंड्याची कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. एप्सममध्ये लोह नसतं.

आजोबांची_बाग
हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं, लोह नाही. शाळेत शिकलोय.

पानगळ
बरोबर. पण ते हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागतंच.

कढीपत्ता
एवढी चर्चा कशाला? ताक घाला. आमच्या कढीपत्त्याला आंबट ताकाशिवाय काही लागत नाही.

मुंगळा
ताकाने आमच्याकडे मुंग्यांची रांग लागली. मुंग्यांमागून जास्वंदीवर मिलीबग, ती पांढरी कापसासारखी कीड. घालायचंच तर पातळ करून.

झुळूक_०७
सोलापूर. गच्चीत पश्चिमेला १२ इंची कुंडी. बोअरचं पाणी. शेंड्याचीच पानं पिवळी, शिरा हिरव्या. औषधाचं नाव माहीत नाही, लाल होतं.

जांभा
माहेर कोकणात ना?

झुळूक_०७
हो, राजापूर. कसं ओळखलंत?

जांभा
कुणी न बघता अनंत फुलतो म्हणजे जांभ्याची माती. ती आंबट, अनंताला तीच लागते. तुमच्याकडची काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर बसतो ना? कुंडीतही तेच साचतंय. मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. ताटात वाढलंय पण तोंड शिवलंय, असं.

झुळूक_०७
बादली सोडा, गीझरची कॉईलसुद्धा जाते.

मुंगळा
गीझरसाठी सॉफ्टनर बसवा. आम्ही बसवलाय, साबणाला फेसही छान येतो.

पानगळ
पण मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी झाडांना नको, त्यात सोडियम येतो. झुळूकताई, खत काय घालता ते अजून सांगितलं नाहीत.

झुळूक_०७
नेहमीचंच हो. शेणखत, अंड्याच्या टरफलांची पूड आणि दर रविवारी बंबातली मूठभर राख. सगळेच घालतात म्हणून लिहिलं नाही.

पानगळ
राख! अहो, राख आणि टरफलं दोन्ही चुन्याच्या बाजूची. दोन्ही आजपासून बंद. पावसाळ्यात कुंडी बदला, निम्मी माती काढून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पानांचं खत घाला. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवा. तोवर लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट), थोडा लिंबूरस, संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. हिराकस मातीत घालून उपयोग नाही, तिथे परत अडकतं. मातीत द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटवालं लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही न अडकता मुळांना मिळणारं. आधी पिवळी झालेली पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, नवी कशी येतात ते बघा.

जांभा
आणि पश्चिमेचं ऊन तोडा. सोलापूरच्या मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर कळी टिकत नाही. सकाळचं ऊन मिळेल तिकडे सरकवा.

पहाटवेळ
मोगरा मात्र जानेवारीत छाटायचा. पानं खुडून आठवडाभर पाणी तोडलं की बहर बघा.

कढीपत्ता
ताक आंबटच असतं. म्हणजे माझंच बरोबर होतं.

झुळूक_०७
सगळ्यांचे आभार. हिराकस इथे खतांच्या दुकानात आहे म्हणे, उद्या आणते. कुंडी पूर्वेच्या कठड्याला नेली. राहता राहिली राख. ती मी नाही, सासूबाई घालतात, आणि गेली तीस वर्षं घालतायत. त्यांना कसं सांगू, यावर वेगळा धागा काढू का?