कॅमेरावाली दुर्बीण घ्यावी का? मदत हवी आहे

मंडळी, भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आणि बाकीचे पाणपक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घ्यायची आहे. साधी ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) घ्यावी की आतच डिजिटल कॅमेरा असलेली, इथे गाडी अडली आहे.

खरी शंका कॅमेऱ्याच्या भिंगाची. स्वस्त मॉडेलांत बहुतेकदा दोन नळ्यांच्या मध्ये कॅमेऱ्याचं वेगळं, बारीक भिंग असतं. फोकसचं चाक फिरवलं की डोळ्यांना पक्षी लख्ख दिसतो, पण कॅमेऱ्याचा फोकस जागचा हलत नाही. पक्षी जवळ आला की फोटोत चोच आणि डोळा एकमेकांत मिसळतात. शिवाय ८ पट म्हणजे कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण ४०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. हातात धरून फोटो हलू नये म्हणून १/५०० सेकंदाच्या आसपास शटर हवं, आणि पहाटेच्या उजेडात छोट्या सेन्सरला ते झेपत नाही. बटण दाबतानाच दुर्बीण हलते, ते वेगळंच. चांगल्या कॅमेरावाल्या दुर्बिणी आहेत, पण किंमत लाखांत.

दुसरा मार्ग: साधी ८×४२, ट्रायपॉड आणि मोबाइलचा अडॅप्टर. डोळ्याकडचे रबरी कप खाली करून मोबाइलचं भिंग बरोबर मध्यावर आणावं लागतं. २ मिमी सरकलं तरी कडा काळ्या. बसलेल्या पक्ष्याला हे चालेल, उडणाऱ्याला नाही.

डोळ्यांच्याच भिंगातून फोटो घेणारं, चाकासोबत कॅमेऱ्याचाही फोकस बदलणारं परवडण्याजोगं मॉडेल कुणी वापरलंय का? न कापलेला, मूळ फोटो टाकलात तर फार मदत होईल.