जुन्या पिकअपच्या बाजूच्या पट्ट्या रंगाला न दुखवता कशा काढाव्यात?

निळाहौदा
१९७२ची शेव्हरोले सी-१० आहे, शायेन सुपर. फेंडर, दरवाजे आणि हौदा, सगळीकडे बाजूच्या पट्ट्या आहेत. मधल्या खाचेत लाकडी नक्षीचं व्हिनाइल. गाडी नव्याने रंगवायचीय, पण पट्ट्या मूळच्या आहेत आणि त्याच परत लावायच्या आहेत. खर्चाची तयारी फक्त नव्या क्लिपांपुरती. हत्यारं घरातलीच, नवीन काही घेणार नाही. सुरुवात कुठून करू?

चौथागिअर
नायलॉनच्या पाचरींचा पूर्ण संच घ्या आणि सोबत चांगली हीट गन. माझ्याकडे दोन्ही आहेत, माझ्या गाडीच्या पट्ट्या लोण्यासारख्या सुटल्या. पट्टी गरम करायची, मागून मासेमारीची दोरी करवतीसारखी ओढायची. उरलेला गोंद रबरी चाकाने निघतो.

पानापकड
चौथागिअर, तुमची गाडी नवी, तिच्या पट्ट्या दुहेरी टेपने चिकटवलेल्या. ७२च्या गाडीत क्लिपा आणि स्टड (पट्टीमागून आत जाणारे, नटाने आवळलेले बोल्ट) असतात, दोरी ओढून काय होणार? शिवाय हीट गनने ते व्हिनाइल सुरकुतेल.

निळाहौदा, आधी आतून बघा. फेंडरच्या आत हात घालून आणि दरवाजाचं पॅड काढून नट कुठे आहेत ते शोधा. टोकांना बहुतेक वेळा नट असतो, मधे क्लिपा. नट न काढता बाहेरून उचकटलं की पट्टी तिथेच दुमडते, आणि अॅल्युमिनियमची घडी पुन्हा कधीच सपाट होत नाही.

रानवाट
अॅल्युमिनियम कशावरून? चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर अस्सल स्टेनलेस.

पानापकड
उलटं आहे. गाड्यांच्या स्टेनलेस पट्ट्यांना पुष्कळदा ४३० जातीचा पत्रा वापरतात, त्याला चुंबक चिकटतो. चिकटला नाही तर अॅल्युमिनियम किंवा ३०० मालिकेतलं स्टेनलेस.

रानवाट
आमच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांना चिकटत नाही, ती काय खोटी?

पानापकड
भांडी वेगळ्या जातीची असतात. विषय पट्ट्यांचा आहे.

सावकाश
नटांबद्दल एक सांगतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं. काही पट्ट्यांत बोल्टचं चपटं डोकं पट्टीच्या मागच्या खाचेत सरकवलेलं असतं. नट गंजून धरला असेल तर पान्याबरोबर बोल्टही फिरतो आणि डोक्याचे कोपरे पट्टीला आतून फाकवतात. बाहेरून टेंगूळ दिसलं की समजायचं, उशीर झाला. म्हणून आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी नट आधी किंचित आवळा, मग सैल करा. तरी बोल्ट फिरतोय असं वाटलं तर थांबा आणि आतल्या बाजूने नट करवतीच्या पात्याने कापा. नट गेला तर गेला, पट्टी महत्त्वाची.

बोनेटउघडा
तेल विकत कशाला? अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, निम्मं-निम्मं. मी वर्षानुवर्षं तेच वापरतो.

सावकाश
अॅसिटोनचा थेंब ओघळून बाहेरच्या रंगावर आला तर रंग मऊ पडतो. रंगाजवळ नको.

बोनेटउघडा
मी आतूनच मारतो, आजवर काही झालं नाही.

चौथागिअर
म्हणूनच म्हटलं, हीट गन घ्या. नटही तापवून सुटतो.

मधुमालती
मधल्या क्लिपांविषयी कोणी बोललंच नाही. पट्टीच्या वर-खाली रंगावर मास्किंग टेपचे दोन थर द्या. मग जुनं प्लास्टिकचं कार्ड पट्टीमागे सरकवत न्या, अडेल तिथे क्लिप. तिथे टेपची खूण करा. उचलायचं ते खुणेपाशीच, दोन खुणांच्या मधे कधीच नाही, नाहीतर पट्टीला बाक येतो. रुंद पुट्टीपात्याला टेप गुंडाळून ते पत्र्यावर ठेवा आणि त्याच्यावर लाकडी पाचर टेकवा, म्हणजे दाब एका जागी येऊन पोचा पडणार नाही. थंडीत करू नका, जुनं प्लास्टिक कडक होऊन तुटतं. आधी ऊन खाऊ द्या गाडीला. हत्यारं घरातलीच लागतात, नवं काही नाही.

पानापकड
+१. दरवाजात हात घालण्याआधी काच वर करून ठेवा, जागा मिळते.

रानवाट
पट्टी काढली की लगेच प्रत्येकीच्या मागे टेपवर लिहा: डावा दरवाजा, उजवा फेंडर, पुढचं टोक कुठलं. आमच्याकडे रंगाऱ्याने सगळ्या एका ढिगात टाकल्या आणि परत लावताना भोकं जुळेनात. त्याचं म्हणणं पट्ट्याच वाकड्या! मजुरी मात्र पूर्ण घेतली.

सावकाश
हौद्याच्या पट्ट्याही काढाच. पाणी आणि माती त्यांच्यामागेच साठते, गंज तिथून सुरू होतो. लावताना प्रत्येक भोकाच्या कडेला ब्यूटाइल सीलर (पाणी आत न जाऊ देणारा चिकट रबरी मसाला) द्या. आणि साफ करताना ओव्हन क्लीनर वापरू नका, त्यातला कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमवरचा अॅनोडाइझचा संरक्षक थर खाऊन टाकतो.

चौथागिअर
हौद्याचे नट बघायला कॅमेरावाली लवचीक नळी मिळते, ती घ्या.

निळाहौदा
सगळ्यांचे आभार. चुंबक चिकटला नाही, म्हणजे जपूनच करायला हवं. फेंडर आणि दरवाजे मधुमालती आणि सावकाश म्हणतात तसे करतो, तेल आजच मारलं. हौद्याच्या पट्ट्या मात्र काढणार नाही. मागचे दोन नट हाताला लागले, ते पूर्ण गंजलेत, आणि त्या लांबीची सरळ पट्टी पुन्हा मिळेल याची मला खात्री नाही. तिथे टेप लावून रंग मारेन.

सावकाश
टेपच्या कडेने रंगाची रेघ उठेल आणि मागचा गंज रंगाखालून बाहेर येईल. पुन्हा विचार करा.

निळाहौदा
केला. रेघ चालेल, मूळची पट्टी मोडलेली चालणार नाही.

बोनेटउघडा
निम्मं-निम्मं मिश्रण एकदा लावून बघा त्या दोन नटांना.