पीआर शिकायचं म्हणते तर घरचे विचारतात, हे असतंय तरी काय?

खानापूरची पोर
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात टिळकवाडीतल्या एका कॉलेजात बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं जनसंपर्क म्हणजे पीआर घेऊन एमए करायचं डोक्यात आहे. पण बाबा म्हणतात, गोड बोलायला शिकायला दोन वर्षं कशाला घालवायची, बीएड कर. आणि मलाही त्यांना नीट सांगता येईना की तिथं शिकवतात काय. शाळा सगळी मराठी मीडियम, कन्नड बोलते पण लिहिताना अडखळते, इंग्लिश ठीकठाक. धारवाड बघू की कोल्हापूर? कोणी शिकलं असेल तर सांगा प्लीज.

निपाणीकर
मी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मास कम्युनिकेशन केलंय. आपल्या भागात नुसत्या पीआरची डिग्री शोधत बसू नकोस, पत्रकारितेच्या एमएमध्येच बहुतेक ठिकाणी जनसंपर्क आणि जाहिरातीचे पेपर असतात. बाबांना आयव्ही लीची गोष्ट सांग, पीआरचं काम सुरू करणाऱ्या पहिल्या माणसांतला तो एक. १९०६ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा मोठा अपघात झाला, तोवर कंपन्या असलं काही झालं की पत्रकारांना जवळ येऊ द्यायच्या नाहीत, यानं उलट स्वतः माहिती लिहून पेपरांना दिली आणि पत्रकारांना जागेवर नेलं. प्रेसनोटची सुरुवात तिथनं धरतात. पुढं १९८४ ला ग्रुनिग आणि हंट या अभ्यासकांनी पीआरची चार मॉडेलं मांडली, त्यातलं पहिलं म्हणजे नुसता गाजावाजा, बाबांच्या डोक्यात आहे ते तेवढंच. चौथ्यात संस्थेनं लोकांचं ऐकून स्वतःसुद्धा बदलायचं असतंय, आणि मला तरी शिकण्यासारखं खरं तेच वाटलं.

कॅम्पवाली
मी सहा वर्षं बेळगावात हॉस्पिटलच्या पीआरमध्ये काढलीत म्हणून लिहिते. पहिल्याच महिन्यात शिबिराची प्रेसनोट मराठीत लिहिली आणि तीच शब्दाला शब्द लावून कन्नडमध्ये केली. संध्याकाळी कन्नड पेपरमधल्या सरांचा फोन, मॅडम आमचा वाचक सौंदत्ती-बैलहोंगलकडचा, त्याला तपासणी किती वाजता, फी आहे का आणि स्टँडवरनं यायचं कसं एवढंच पाहिजे, तुमचा पहिला पॅरा सगळा पाहुण्यांच्या नावात गेलाय. त्या दिवसापासनं मी तिन्ही भाषांत नोट वेगवेगळी लिहायला लागले, भाषांतर बंद.

आणि पोरी, गोड बोलण्याचं म्हणशील तर ऐक. मी आधी जिथं होते तिथं एकदा स्कॅनिंगचं मशीन बंद पडलं, वरनं सांगितलं फोन उचलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत नुसता आरडाओरडा, लांबनं एसटीनं आलेली माणसं, हातात फाईली, कोण सांगायलाच तयार नाही, व्हॉट्सअपवर भलतंच फिरायलेलं. शेवटी मी मोठ्या कार्डशीटवर मराठी, कन्नड, इंग्लिशमध्ये मार्करनं लिहिलं की मशीन बंद आहे, उद्या दुपारी चालू होईल, घाईचं असेल तर काउंटर ३ वर या, दुसरीकडं पाठवायची सोय करतो. विचारलं नाही कुणाला, चिकटवलं. दहा मिनिटांत आवाज खाली आला. मला बोलणी बसली, ती बसू देत, पण पीआर म्हणजे काय ते मला त्या कार्डशीटनं शिकवलं.

शहापूरचा काका
बाळ, मी धारवाड सांगेन. कर्नाटक विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग जुना आहे, बेळगावपासनं ७५-८० किलोमीटर, आणि तिथं राहिलीस की तुझं लिहायचं कन्नड आपोआप सुधारतंय. इथंच राहून काम करायचं असेल तर त्याला पर्याय नाही बघ. सरकारी वार्ता इलाखे म्हणजे माहिती खातं, बँका, साखर कारखाने, सगळीकडं लिहायला कन्नड लागतंय. मराठी तुझी कुठं जात नाही, ती घरची आहे.

निपाणीकर
काकांचं पटतंय, पण पुण्या-मुंबईकडं नोकरी बघायची असली तर कोल्हापूर बरं. सीमाभागातल्या मुलांना फीमध्ये काय सवलत आहे ते विद्यापीठात आधी विचारून घे.

खानापूरची पोर
खूप थँक्स सगळ्यांना, कार्डशीटची गोष्ट आत्ताच बाबांना वाचून दाखवली, गप्प बसून ऐकली त्यांनी. मला इथंच काम करायचंय म्हणून धारवाडकडं मन जायलंय. गावच्या शाळेत मेळावा आहे, त्याची नोट लिहून बघितली, ताई सांगाल का कशी झालीय? ‘आमच्या शाळेत येत्या रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात होणार आहे.’

कॅम्पवाली
मेळावा अजून व्हायचाय, मग उत्साह आधीच कुठनं आला? काढ ते. ‘आमच्या’ म्हणजे कुठल्या गावच्या, तारीख काय, किती वाजता, आणि बाहेरगावी असलेल्यांनी नाव कुणाकडं द्यायचं? एवढं घालून परत लिही. मग कन्नडमधलीही तूच लिही, चुकली तरी चालतंय, मी बघते.