सोमाली वर्गमित्राला काय विचारू?

प्रश्न: पुण्यात माझ्या वर्गात एक सोमाली मुलगा आहे. सगळे त्याला समुद्री चाच्यांबद्दलच विचारतात. त्याचा चेहरा पडतो, मला फार वाईट वाटतं. मी काय विचारू?

उत्तर: मी सोमालियातल्या मोगादिशूचा, सात वर्षं पुण्यात. जेवणाचं विचारा ना! आमचा अंजेरो तुमच्या आंबोळीसारखा जाळीदार. सकाळी तूप-साखर लावून खातो. भाताबरोबर केळं. आणि झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं विचारा: सोमाली माणसं पाच प्रदेशांत विभागली गेली, १९६० मध्ये त्यातले दोनच एक झाले. माझी आजी केनियातली, तीही सोमालीच.

प्रश्नकर्ती: विचारलं! त्याने वडिलांपासून मागे पंधरा पिढ्यांची नावं घडाघडा म्हटली.

उत्तर: ती अब्तिर्सी. मला आजोबांनी शाळेआधीच पाठ करून घेतली होती.