'साइडबॉटम'मधला 'बॉटम' कुठला?

इंग्लंडचा माजी वेगवान गोलंदाज रायन साइडबॉटम याच्या पूर्वजांनी असलं लाजिरवाणं आडनाव का घेतलं, असा प्रश्न कुणीतरी विचारला आहे. लाजण्यासारखं त्यात काहीच नाही. 'बॉटम'चा पार्श्वभाग हा अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. अशी आडनावं त्याच्या कितीतरी आधीची. जुन्या इंग्रजीत 'बोत्म' म्हणजे दरीचा तळ, डोंगरांमधली सखल जमीन. 'साइड'ही बाजू नव्हे. जुन्या भाषेतला 'सीद' म्हणजे रुंद, ऐसपैस. रुंद खोऱ्यातले ते साइडबॉटम, जसे आपल्याकडे दरे गावचे दरेकर. काही घराणी 'साइडबोथम' लिहितात, मूळ तेच.

स्मिथ म्हणजे लोहार, तो गावोगाव असायचा. म्हणून स्मिथ देशभर सापडतात. खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवरून पडलेलं नाव मात्र त्या वाडीतून बाहेर पडलेल्या मोजक्या घरांपुरतंच राहतं. 1881च्या जनगणनेतही साइडबॉटम मंडळी मुख्यतः लँकाशर, चेशर आणि लगतच्या यॉर्कशरमध्ये, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन डोंगरांच्या आसपासच दिसतात. रायनचा जन्म 1978 साली हडर्सफील्डला झाला, तेही याच डोंगरांच्या पायथ्याशी.

या कुळातलं माझं सगळ्यात आवडतं नाव रॅम्सबॉटम. त्या नावाचं गाव मँचेस्टरच्या उत्तरेला, बरी नावाच्या शहराजवळ आहे. त्यातला 'रॅम' मेंढा असेलही, पण 'ह्राम्सा' म्हणजे रानलसूण, हा अर्थ मला जास्त पटतो. ओलसर, सावलीच्या उतारांवर ती तिकडे दाट माजते. एका नावात अख्खी दरी घमघमते! विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायचं खोरं. इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले व्यवस्थापक (1946 ते 1962) वॉल्टर विंटरबॉटम याच आडनावाचे.

आणि इयन बोथम! 1980 साली वानखेडेवर शतक ठोकून 13 बळी घेणाऱ्या त्या माणसाच्या आडनावातही हाच 'बोत्म' आहे. त्याला मात्र कुणी हसत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. संस्कृत 'बुध्न' म्हणजे तळ, बूड. तो आणि 'बॉटम' एकाच आदिम धातूची लेकरं. ऋग्वेदातला अहिर्बुध्न्य, म्हणजे खोल तळाशी राहणारा सर्प, तो याच शब्दाचा. झाडाचा बुंधाही त्याच घरचा.

तुमच्या भागात डोंगरातल्या सखल जमिनीला काय म्हणतात, आणि त्यावरून पडलेलं आडनाव कुणाचं आहे का? असल्यास गावासकट लिहा.