दर स्प्रिंटला निम्म्या स्टोऱ्या पुढे ढकलल्या जातात, नेमकं कुठे चुकतंय?

कोडमोडी
आमची सॉफ्टवेअर टीम: दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा), पाच डेव्हलपर, दोन टेस्टर. आठवड्याला सरासरी ६ स्टोऱ्या (छोटी, वेगवेगळी कामं) 'डन', म्हणजे पूर्ण होतात. आत्ता बोर्डवर १८ चालू आहेत, त्यातल्या ११ 'रेडी फॉर टेस्टिंग'मध्ये. स्टँडअपला (रोजच्या छोट्या बैठकीला) अर्धा तास जातो. मॅनेजर म्हणतात, व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणाऱ्या कामाचे पॉइंट) वाढवा. काय बदलू?

आकडेमोड
उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. लिटलचा नियम लावा: हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं. १८ भागिले ६, म्हणजे एका स्टोरीला सरासरी तीन आठवडे. स्प्रिंट दोनचाच. स्टोऱ्या उरणारच, त्यात कुणाचा आळस नाही.

डेव्हलपमेंटला एका वेळी ५ स्टोऱ्यांची मर्यादा घाला आणि 'रेडी' व 'टेस्टिंग' मिळून ४ ची. मिळूनच, नाहीतर ढीग नुसता शेजारच्या कॉलममध्ये सरकतो. मग हातात ९ च राहतात: ९ भागिले ६, दीड आठवडा. आधी त्या ११ निपटा, तोवर नवीन काही उचलायचं नाही. अर्थात हा सरासरीचा नियम आहे, एकेका स्टोरीचं भाकीत त्यातून निघत नाही.

कोडमोडी
मग पाच डेव्हलपर रिकामे बसणार? पहिला प्रश्न हाच येईल.

बगशोधक
रिकामे कशाला? एकमेकांच्या स्टोऱ्या टेस्ट करायच्या (स्वतःची सोडून), टेस्ट डेटा तयार करायचा, दर वेळी हाताने होणारं रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना, याची तपासणी) ऑटोमेट करायचं.

आणि स्टोऱ्या कशा कापताय ते बघा. 'पेमेंट'चे स्क्रीन, एपीआय (स्क्रीन आणि डेटाबेस जोडणारा भाग), डेटाबेस असे आडवे तुकडे केले, की तिन्ही जुळेपर्यंत टेस्टरच्या हाती काहीच येत नाही. शेवटच्या दोन दिवसांची झुंबड तिथूनच सुरू होते. उभी कापा: आधी फक्त यूपीआयने पैसे भरणं, पण स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं. मग कार्ड, मग रिफंड. पहिला तुकडा तीन-चार दिवसांत टेस्टिंगला गेला पाहिजे. पैसे कापले गेले पण ऑर्डर झाली नाही, तर काय दिसायला हवं? असले प्रश्न कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी टेस्टरला बसवून सोडवा.

आकडेमोड
स्टँडअपचं राहिलं. स्क्रम गाइडमध्ये (स्प्रिंटने काम करण्याच्या या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत) त्याला १५ मिनिटंच आहेत, आणि 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्न २०२०च्या आवृत्तीत काढून टाकलेत. माणसागणिक फिरू नका. बोर्डच्या उजवीकडून सुरुवात करा: 'डन'च्या सर्वांत जवळची स्टोरी कशावर अडलीय? वाद निघाला तर संबंधितांनी नंतर थांबावं.

बगशोधक
व्हेलॉसिटीचं टार्गेट लावलं, की ३ पॉइंटची (पॉइंट म्हणजे काम किती मोठं, याचा अंदाज) स्टोरी बघता बघता ५ ची होते. ग्राहकाला मिळतं तेवढंच. मॅनेजरना त्याऐवजी काम हातात घेतल्यापासून 'डन' होईपर्यंतचे दिवस दाखवा. उरलेल्या स्टोरीचे अर्धे पॉइंटही मोजू नका. ज्या स्प्रिंटमध्ये संपेल, त्यातच पूर्ण धरा.