मदत हवी आहे: ऑरलँडोत ४ दिवस, डिस्ने ३ + युनिव्हर्सल १ की २ + २? (रविवारच्या आत तिकिटं काढायचीत)

डोलव्हिप_भक्त (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. ऑरलँडोला चाललोय, पार्कचे ४ दिवस मिळतायत. मी डिस्नेवाली आहे हे आधीच सांगून टाकते, नंतर कोणी शोध लावल्यासारखं लिहायला नको. आत्तापर्यंत ११ वेळा जाऊन आलेय. मेन स्ट्रीटवर पॉपकॉर्नचा वास आला आणि समोर किल्ला दिसला की माझं बीपी आपोआप उतरतं. २०२५ च्या जुलैत मॅजिक किंगडममधली रिव्हर्स ऑफ अमेरिका ही नदी आणि तिच्यातली ती जुनी बोट कायमची बंद झाली त्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडलेय, हसायचं तर हसा.

माझा प्लॅन: मॅजिक किंगडम, एपकॉट, अ‍ॅनिमल किंगडम आणि एक दिवस नणंदेच्या समाधानासाठी युनिव्हर्सल. नणंद म्हणते २ + २ आणि त्यात युनिव्हर्सलचं ते नवीन पार्क, एपिक युनिव्हर्स, हवंच. फॅमिली ग्रुपवर चार दिवस हेच दळण चाललंय, नवरा दोन्हीकडे अंगठा टाकतोय. युनिव्हर्सलला लहान मुलांसाठी काहीच नसतं, सगळं पडद्यावर असतं, हे तिला नीट पटवून देता येईल असे मुद्दे हवेत. कृपया मुद्द्याचंच लिहा.

मोजपट्टी
किती जण, मुलं किती वर्षांची, महिना कोणता, हॉटेल कुठे?

डोलव्हिप_भक्त
आम्ही तिघं आणि नणंदेकडचे तिघं. मुलं लहान आहेत म्हटलं ना. हॉटेल झालंय.

मोजपट्टी
लहान म्हणजे काय? वय राहू दे, उंची सांगा, इंचात. पार्कात तुमचा जन्मदाखला कोणी बघत नाही, राइडच्या तोंडाशी दांडी असते ती बघतात. आणि महिना?

कोस्टरवेडा
उंची-बिंची कशाला, चारही दिवस युनिव्हर्सल करा. तिथली व्हेलोसीकोस्टर ही रोलरकोस्टर, २०२१ ची, ताशी ७० मैल, १५५ फुटांवरून सरळ खाली, आणि शेवटी पाण्यावर आडवी फिरकी घेते तेव्हा सीटवरून तुम्ही चक्क उचलले जाता, मांडीवरचा बार सोडला तर धरायला काही नाही. डिस्नेत यापेक्षा जास्त झटके पार्किंगमधल्या ट्रॅमला बसतात. त्यांची स्पेस माउंटन कोस्टर १९७५ ची आहे हो, आमच्या बाबांच्या वयाची.

निळी_मोनोरेल
@कोस्टरवेडा आला का परत. स्पेस माउंटन जुनी आहे म्हणूनच लोक जातात. आणि तुमच्याकडे राइड संपली की काय, दुकान. डिस्नेत राइड न करताही दिवस जातो. मेन स्ट्रीटच्या घरांचे वरचे मजले मुद्दाम बुटके बांधलेत म्हणून ती उंच वाटतात, किल्ला १८९ फूट आहे पण डोळ्याला किती तरी जास्त भासतो, कर्मचाऱ्यांचे बोगदे पायाखाली आहेत, म्हणजे खरं तर आपण दुसऱ्या मजल्यावर फिरत असतो आणि कोणाला पत्ता नसतो. हा विचार कोणी करतं का तुमच्याकडे?

कोस्टरवेडा
तुम्ही तिकीट काढून बोगदे बघायला जाता का?

परत_टोकियो
मी तर म्हणेन फ्लोरिडा सोडाच, टोकियोला जा. डिस्नेसी, २००१ सालचं. ते चालवते ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी, डिस्नेला फक्त रॉयल्टी जाते, आणि तिथली स्वच्छता बघून ऑरलँडो विसराल. एकदा तरी जाच.

डोलव्हिप_भक्त
@परत_टोकियो अहो मी कुठे जाऊ हे विचारलंच नाहीये, ऑरलँडो ठरलंय, विमानाची तिकिटं आलीत.
@मोजपट्टी माझी लेक ५ वर्षांची, भाचा ७. उंची मोजून सांगते. पण भाचा पॉटरवेडा आहे, त्यामुळे नणंदेचं युनिव्हर्सल-युनिव्हर्सल चाललंय.

शांत_वाचक
सासरचे अजून कोणी आहेत का बरोबर? मागे तुमच्याच एका धाग्यात सासूबाईंच्या गुडघ्यांचं वाचल्यासारखं आठवतंय.

डोलव्हिप_भक्त
सासूबाई तर असतातच, त्या काय वेगळ्या सांगायच्या.

मोजपट्टी
म्हणजे सात जण! हे पहिल्या ओळीत हवं होतं. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर घ्याच, दोन्हीकडे गेटपाशी भाड्याने मिळते, "मी चालेन गं" म्हणाल्या तरी ऐकू नका. पण राइडनुसार फरक पडतो. डिस्नेत किलिमांजारो सफारी आणि कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसला (बसून बघायचा शो) खुर्चीसकट जाता येतं. पीपलमूव्हरला (उंचावरून हळूहळू फिरवणारी गाडी) मात्र उठावं लागतं, वर जायला सरकता पट्टा आहे, आणि डबाही थांबत नाही, चालत्या पट्ट्यावरूनच आत पाय टाकायचा.

डोलव्हिप_भक्त
पीपलमूव्हर त्यांची सगळ्यात लाडकी आहे, मागच्या वेळी लागोपाठ तीनदा बसल्या. माझा हात धरतात, काही होत नाही. बघा, म्हणजे डिस्नेच.

दोनदा_विचार
मी दोन्हीकडे बऱ्याचदा गेलोय आणि मला कोणाचंच वेड नाही, म्हणून माझा सल्ला ऐका. युनिव्हर्सलच्या तीन महागड्या हॉटेलांपैकी (पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक, रॉयल पॅसिफिक) एकात फक्त एक रात्र रहा. खोलीतल्या सगळ्यांना आल्या दिवशी आणि निघायच्या दिवशी, दोन्ही दिवस अनलिमिटेड एक्सप्रेस पास (रांग टाळायचा) फुकट मिळतो. सुट्टीच्या दिवसांत नुसत्या पासाची किंमत जोडून बघा, कधी कधी खोली स्वस्त पडते. आम्ही दर वेळी हेच करतो, बाकी सगळे प्लॅन भोळे आहेत.

कोस्टरवेडा
अर्धंच सांगितलंत. तो पास युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांना चालतो, एपिकला नाही. त्यांच्या नणंदेला एपिक हवंय.

दोनदा_विचार
मी एपिकबद्दल बोलतच नव्हतो.

शांत_वाचक
आणि माणसं सात, म्हणजे दोन खोल्या. मग हिशेब बदलला.

मोजपट्टी
@डोलव्हिप_भक्त ते झालेलं हॉटेल कोणतं?

डोलव्हिप_भक्त
पॉप सेंच्युरी.

कोस्टरवेडा
😂😂 डिस्नेचंच हॉटेल! म्हणजे नणंदेला विचारायच्या आधीच २ + २ चा निकाल लावला तुम्ही.

डोलव्हिप_भक्त
त्यात काय झालं? स्कायलायनरच्या (रोपवे) पाळण्यात बसलं की एपकॉट, सासूबाईंना बसच्या पायऱ्या नकोत. हॉटेलवाल्यांना सकाळी अर्धा तास आधी आत सोडतात, आणि लाइटनिंग लेन मल्टी पास (रांग टाळायचा डिस्नेचा पास) ७ दिवस आधी बुक करता येतो, बाहेर राहणाऱ्यांना ३ दिवस. हे सगळं कुटुंबाच्याच भल्यासाठी आहे.

निळी_मोनोरेल
फास्टपास फुकट होता ते दिवस गेले. १९९९ ला सुरू झाला होता. आता रांग टाळायची तर पैसे मोजा, वर सकाळी ७ ला फोन घेऊन बसा. मी डिस्नेची आहे पण यावर मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

अवांतर_काका
अवांतर होतंय पण राहवत नाही. हल्क आणि स्पायडरमॅन अजून युनिव्हर्सलमध्ये का, असं माझा पुतण्या विचारत होता. १९९४ चा करार आहे, मार्व्हल तेव्हा डिस्नेचं नव्हतं. डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल विकत घ्यायचं ठरवलं तरी फ्लोरिडातला तो करार तसाच राहिला. म्हणून एपकॉटला मार्व्हलचे गार्डियन्स आहेत पण अ‍ॅव्हेंजर्स नाहीत. घर आपलं, भाडेकरू हलत नाही, तसली गत.

परत_टोकियो
टोकियोत असली भानगडच नाही.

डोलव्हिप_भक्त
धागा भरकटवू नका प्लीज!! उंची आली. लेक ४२ (दाराच्या चौकटीला टेकवून, वर पुस्तक ठेवून पेन्सिलने खूण केली). भाचा ४८, नणंदेने फोटो पाठवलाय. म्हणजे तो सगळीकडे बसू शकेल असं ती म्हणते, आता तर तिचं पारडं अजून जड झालं.

मोजपट्टी
फोटोत टेपचं खालचं टोक दिसतंय का? शिवणकामाची टेप आहे की लोखंडी?

डोलव्हिप_भक्त
शिवणकामाची, पिवळी. खालचं टोक त्याच्या टाचेखाली गेलंय. झूम करून बघितलं तर जमिनीशी २ चा आकडा दिसतोय. अरेच्चा.

मोजपट्टी
मग पोरगा ४६. दोन इंच टाचेखाली आहेत.

आता ऐका. बूट घालून मोजतात, त्याने फार तर इंचभर वाढेल, ४८ होत नाही. म्हणजे हॅग्रिडची मोटरबाइक (४८), हॉगवर्ट्सच्या किल्ल्यातली फॉरबिडन जर्नी (४८) आणि व्हेलोसीकोस्टर (५१) गेल्या. डिस्नेचं ट्रॉनही ४८ आहे, तेही गेलं, उगाच हुरळू नका. पण एपिकला मारिओ कार्ट ४०, माइन-कार्ट ४०, जादूच्या मंत्रालयातली पॉटर राइड ४०, ड्रॅगनवाल्यांचे विंग ग्लायडर ४०, योशी ३४. तिथल्या ठळक राइडपैकी ४८ वाल्या म्हणजे स्टारडस्ट रेसर्स आणि मॉन्स्टर्स अनचेन्ड. म्हणजे भाचा सोडा, तुमची ४२ इंचाची लेकसुद्धा एपिकला बऱ्याच ठिकाणी बसेल. "लहान मुलांसाठी काहीच नसतं" हा तुमचा मुद्दा तिथे टिकत नाही.

कोस्टरवेडा
मोजपट्टी +१००

डोलव्हिप_भक्त
मला डिस्नेच्या बाजूचे मुद्दे हवे होते.

मोजपट्टी
एक आहे की. एपिक २०२५ च्या मे मध्ये उघडलं, झाडं अजून लहान, मधल्या बागेत सावली बेताची. सासूबाईंना दिवसभर तिथे बसवणं जड जाईल. म्हणून कोणता महिना ते विचारतोय, तिसऱ्यांदा.

घरचा_डबा
आमचे आईबाबा शाकाहारी, बर्गर-फ्राइज बघून कंटाळतात. डिस्नेत घरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेची बाटली आणि दारू नको. आणि अ‍ॅनिमल किंगडम लॉजला साना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे नान-रोट्या आणि नऊ प्रकारच्या चटण्या-डिप्स येतात, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. आमच्या बाबांनी जिराफाकडे ढुंकूनही बघितलं नाही, चटण्याच मोजत बसले.

निळी_मोनोरेल
साना +१. पार्कचं तिकीटही लागत नाही, हॉटेलात आहे.

कोस्टरवेडा
पॉटरसाठी डायगन अ‍ॅली (पॉटरमधली जादूगारांची गल्ली) बघायचीच असेल तर एक लक्षात ठेवा, हॉगवर्ट्सची ट्रेन या पार्कातून त्या पार्कात जाते, त्यामुळे पार्क-टू-पार्क तिकीट लागतं. मी पहिल्यांदा एका पार्कचं काढलं होतं, फलाटापर्यंत जाऊन परत आलो, चूक माझीच. पण मला एक सांगा, सात वर्षांचा मुलगा पॉटरवेडा? पुस्तकं वाचलीत त्याने?

डोलव्हिप_भक्त
आत्ता फोन करून विचारलं. भाच्याला म्हटलं तुला काय बघायचंय रे, तर म्हणतो मामी, मारिओ आणि योशी. पॉटरचं नावही नाही. पॉटरवेडी नणंद आहे! लेकाच्या नावावर स्वतःचं खपवत होती.

शांत_वाचक
आणि तुम्ही सासूबाईंच्या गुडघ्यांच्या नावावर स्कायलायनर. 🙂

निळी_मोनोरेल
मग सोपं आहे. मारिओ एपिकलाच आहे. ३ + १, आणि तो एक दिवस एपिक. जुने दोन पार्क पुढच्या वेळी, पोरगा ४८ झाला की. पॉटरचा एक विभाग एपिकलाही आहे, नणंदेचं भागेल.

कोस्टरवेडा
नाही भागणार. किल्ला तिथे नाही, डायगन अ‍ॅली नाही, ट्रेन नाही. पॉटरवाल्यांना किल्ला लागतो, तुम्हाला सिंड्रेलाचा लागतो तसाच.

डोलव्हिप_भक्त
हे वाक्य लागलं मला.

बरं, ग्रुपवर टाकलंय: मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम सगळे मिळून, एपिक सगळे मिळून (सासूबाई दुपारी माझ्या लेकीला घेऊन हॉटेलवर, टॅक्सीने, डिस्नेची बस तिथे येत नाही). चौथ्या दिवशी फुटायचं, मी, लेक आणि सासूबाई एपकॉट, नणंद आणि तिचा नवरा तो किल्ला आणि ती ट्रेन, पार्क-टू-पार्कसकट. भाचा कोणाबरोबर ते तो ठरवेल. माझा नवरा म्हणाला मीपण ट्रेनला जातो. ११ वेळा माझ्याबरोबर येऊन हे.

नणंदेने अंगठा टाकलाय. तिकिटं आज रात्री काढते. पुढच्या जुलैची.

मोजपट्टी
जुलै!!! हे आत्ता सांगताय? रोज दुपारी तीन-चारच्या सुमाराला वीज-पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राइड थांबवतात. सफारी सकाळी उघडल्या उघडल्या घ्या, प्राणीही तेव्हाच हिंडताना दिसतात. एपिकला मारिओ आधी उरका. मॅजिक किंगडमच्या दिवशी दोन वाजता सासूबाईंना कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये नेऊन बसवा, एसी आहे. पीपलमूव्हर त्याच्या आधी.

परत_टोकियो
जुलैत टोकियोलाही पाऊस असतो, तसं बघायला गेलं तर.